वळणावरचा उलटा उजेड

१

व्हायोलिनची पेटी उघडी होती, किल्ली कुलपातच लटकत होती, आणि आतल्या मखमलीवर व्हायोलिनच्या आकाराचा नुसता खड्डा उरला होता. पेटीच्या शेजारी, खड्ड्यात कलंडलेल्या व्हॅनला टेकून माझा मेहुणा बसला होता. डोक्याला पांढरंशुभ्र बँडेज, अंगाभोवती घोंगडी. पुन्हापुन्हा तो एकच सांगत होता, की समोरून गाडी आली आणि तिच्या दिव्यांनी डोळे दिपले.

फौजदारांनी ते तीनदा ऐकून घेतलं आणि तिन्ही वेळा मान हलवली. मानेवरूनच कळत होतं की त्यांच्यापुरता निकाल लागलेला आहे.

व्हायोलिन साधंसुधं नव्हतं. आमच्या संगीत मंडळाच्या संस्थापकांचं ते वाद्य एरवी बंदराजवळच्या बँकेच्या तिजोरीत असतं आणि वर्षातून एकदा, वार्षिक मैफिलीला, घाट चढून टेकडीवरच्या सभागृहात येतं. तेही फक्त मंडळाच्या व्हॅनमधून. मंडळाची व्हॅन चालवतो माझा मेहुणा. त्या दिवशी अंधार पडल्यावर तो निघाला, शेवटच्या वळणावर रस्ता सोडून खड्ड्यात गेला आणि बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा व्हायोलिन गेलं होतं.

मेहुण्याची बाजू लंगडी होती, हे मीही मान्य करतो. पेटीचं कुलूप फोडलेलं नव्हतं आणि किल्ली त्याच्याच खिशातली होती. वर हा गडी परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला, हे गावभर माहीत. नापास करणारी परीक्षक कोण, हेही गावभर माहीत. त्याची सख्खी बहीण. म्हणजे आमची ही.

ही वाहन निरीक्षक आहे. गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि माणसांचं गाडी चालवणं तपासणं हा तिचा धंदा आणि तोच तिचा स्वभाव. माझं चष्म्याचं दुकान आहे. मी लोकांना नीट दिसावं म्हणून धडपडतो, आणि ही त्यांना दिसत असूनही ते कुठे चुकले ते सांगते. आजवर कोणाच्याही गाडीतून उतरताना ‘काही चुकलं नाही’ असं ती म्हणालेली माझ्या ऐकिवात नाही.

‘‘व्हॅन उद्या तुमच्याकडे तपासणीला येईल,’’ फौजदार तिला म्हणाले. ‘‘ब्रेक ठीक निघाले तर मात्र तुमच्या भावाला मला आत घ्यावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबतो. तुमच्याकडे बघून.’’

२

ब्रेक ठीक निघाले. सकाळीच निघाले. व्हॅनच्या खालून बाहेर आली तेव्हा हिचा चेहरा ग्रीसने माखलेला आणि पडलेला होता.

घरी येऊन तिने भावाला धारेवर धरलं. समोरून झगझगीत दिवे आले तर त्यांच्याकडे बघायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं, हे त्याला किती वेळा शिकवलं होतं, हे ती मोठ्याने मोजू लागली. मेहुणा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो उठून बसला.

‘‘ताई, मी डावीकडेच बघितलं होतं.’’

‘‘मग वळण कसं दिसलं नाही?’’

‘‘कडेवरच उजेड होता गं. माझ्या दिव्यांचा नाही, त्याच्या. गवताची काडीन् काडी दिसत होती. कुठेही बघितलं तरी डोळ्यात उजेडच. आणि दरीकडचे ते पांढरे रंगवलेले दगड, ते मात्र काळे. एकही चमकला नाही.’’

हिच्या हातातला ग्रीसचा फडका खाली पडला. दिवे वरचे, म्हणजे लांबवर पडणारे होते का खालचे, असं तिने विचारलं. खालचेच होते, तो म्हणाला, वरचे असते तर दोन्ही बाजू उजळल्या असत्या. दिवे किती होते? दोन, सारखे. हे फौजदारांना का नाही सांगितलंस, या प्रश्नावर त्याचं उत्तर असं होतं की त्यांनी विचारलंच नाही. फक्त मंडळाच्या सचिवांना, तयारमास्तरांना सांगितलं होतं, ते बँडेज बांधत होते तेव्हा.

हिने माझ्या बाहीला धरून मला अक्षरशः ओढत बाहेर नेलं. लग्नानंतर एवढ्या उत्साहाने तिने माझा हात पहिल्यांदाच धरला असावा.

३

चौकीत तिने फौजदारांच्या टेबलावर बोटाने रस्ता काढला.

आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. म्हणून आपल्या गाड्यांचे खालचे दिवे मुद्दाम डावीकडे कललेले असतात. आपल्या बाजूची कड, पाट्या, पायी चालणारी माणसं दिसावीत आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपू नयेत, म्हणून. घाट उतरणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला दरी येते, म्हणजे तिच्या दिव्यांनी पांढरे दगड चमकायला हवेत. त्या गाडीने दगड अंधारात ठेवले आणि व्हॅनची बाजू उजळली. म्हणजे तिचे दिवे उलटे, उजवीकडे कललेले होते.

‘‘तसे दिवे कुठे असतात?’’ तिने विचारलं.

फौजदार ताडकन उठले. पलीकडच्या किनाऱ्यावर, अर्थातच. रोज संध्याकाळी आमच्या बंदरातून गाड्या घेऊन बोट तिकडे जाते, आणि तिकडे सगळा कारभार उजव्या बाजूने. तिकडून आलेली गाडी गावात एकच होती, मैफिलीसाठी आलेली. पाहुण्या वादकाची.

सभागृहाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की त्या वेळात वरून तीनच गाड्या खाली उतरल्या. घाटाचा रस्ता सभागृहाशीच संपतो, त्यामुळे चौथी गाडी येणार कुठून? पहिली पाहुण्या वादकाची. त्याला हॉटेलात जाऊन कपडे बदलायचे होते. दुसरी तारावालीची. ती मंडळाची वाद्यं दुरुस्त करते, आणि तिला दुकानातून जादा तारा आणायच्या होत्या. त्या दोघांचं म्हणणं, आम्ही उतरलो तेव्हा वाटेत व्हॅन नव्हतीच. तिसरी गाडी मंडळाच्या सचिवांची, तयारमास्तरांची. व्हॅनला उशीर का झाला ते बघायला ते निघाले आणि त्यांनीच मेहुण्याला खड्ड्यातून बाहेर काढलं. पेटी आधीच उघडी होती, असं त्यांनी सांगितलं.

फौजदार पाहुण्याला पकडायला निघालेच होते. हिने त्यांना खाली बसवलं.

‘‘आधी दिवे बघू. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे एकदा होता होता राहिलंय. दुसऱ्यांदा नको.’’

४

गाड्या येईपर्यंत हिने तिघांना तिच्या कार्यालयात बसवून बोलतं केलं. मी कोपऱ्यात बसून चष्म्याच्या काड्या पिळत होतो, म्हणजे लक्ष नाही असं दिसावं.

पाहुणा वादक चिडलेला होता. त्याची मैफल बुडाली आणि वर संशय. त्याने सरळ सांगितलं की असलं वाद्य हातात घ्यायला मिळावं म्हणून तो समुद्र ओलांडून आला होता, चोरायचंच असतं तर निदान एकदा वाजवून तरी घेतलं असतं.

तारावाली त्याहून चिडलेली. वाद्य घाटातून हलवू नका, असं ती वर्षानुवर्षं ओरडून सांगते आणि कोणी ऐकत नाही. गेलं ते बरंच झालं, असंही ती बोलून गेली आणि मग रडायला लागली. फौजदारांनी माझ्याकडे सूचकपणे पाहिलं.

तयारमास्तरांचं मात्र मला वाईट वाटलं. पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून मास्तर. आणि तयार अशासाठी, की या माणसाला कोणतीही वेळ बेसावध गाठू शकत नाही. आभाळ निरभ्र असताना यांच्या हातात छत्री असते. गाडीत बँडेज, घोंगडी, विजेरी, दोरखंड, जादा बूट. सहलीला निघायचं तर आदल्या दिवशी दुपारीच सामान गाडीत भरून हे मोकळे. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, पण काल त्याच बँडेजने मेहुण्याचं रक्त थांबवलं होतं. ते मान खाली घालून म्हणाले, की तीस वर्षं ते वाद्य मी पुसलंय, आता ते सापडेपर्यंत हे गाव सोडून एक पाऊल बाहेर टाकणार नाही.

हिने तिघांनाही जाता जाता एक साधा प्रश्न विचारला. गाडीच्या दिव्यांचा कल कधी बदलून घेतलाय का? पाहुणा म्हणाला, हो, इकडे येताना बोटीवरच काचेला पट्ट्या लावल्या. तारावाली म्हणाली, कल कसला बदलता, एक दिवा तर दिवाळखोरच आहे, महिना झाला लागत नाही. मास्तर म्हणाले, कारखान्यातून आले तसेच आहेत, मला त्यातलं काही कळत नाही.

मग तिने मला मास्तरांची गाडी आणायला पाठवलं. मास्तरांनी किल्ली दिली. त्यांच्या गॅरेजात अंधार होता, आणि दाराशीच ठेवलेल्या कशावर तरी मी असा आपटलो की नडगीला टेंगूळ आलं. माझ्या नडगीचं इथे काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

५

दिवे तपासायची शेड लांबलचक आणि काळोखी आहे. समोर पांढरी भिंत, तिच्यावर रेघा मारलेल्या. गाडी विशिष्ट जागी उभी करून दिवे लावले की उजेड कुठे कलतो ते भिंतीवर स्पष्ट दिसतं.

आधी तारावालीची गाडी आली. एकच दिवा लागला, आणि मेहुण्याने तर दोन पाहिले होते. ती बाद.

मग पाहुण्याची. दिवे लागले आणि भिंतीवर उजेडाची सरळ, सपाट पट्टी पडली. डावीकडे चढ नाही, उजवीकडे नाही. दिव्यांच्या काचांवर दोन छोट्या चिकटपट्ट्या होत्या. उजवीकडे चढणारा उजेड तेवढा त्या अडवतात.

‘‘काल काढल्या असतील आणि आज परत लावल्या असतील,’’ फौजदार म्हणाले.

हिने त्यांना वाकायला लावलं. काचेवर प्रवासातला चिखल उडून वाळला होता, आणि त्याचा एकेक ओघळ काचेवरून पट्टीवर आणि पट्टीवरून पुन्हा काचेवर सलग गेला होता. पट्टी मध्ये काढली असती तर ओघळ तुटला असता. पाहुणाही बाद. त्याने मला टाळी दिली, चिडलेला माणूस अचानक गोड झाला.

आता एकच गाडी उरली. तीन वजा दोन किती राहतात हे चष्मेवाल्यालाही कळतं. मास्तरांच्या नव्याकोऱ्या गाडीचे दिवे लागले.

उजेड डावीकडे चढत होता. अगदी हवा तसा, रेघेला रेघ.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून शांतपणे चष्मा पुसला. फौजदारांनी हिच्याकडे न बघता टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘संध्याकाळी येतो. त्याचे कपडे बांधून ठेवा.’’

६

घरी मेहुण्याने स्वतःच पिशवी भरली होती. त्यात टूथब्रश, दोन सदरे आणि वाहन चालवण्याचा परवाना होता. परवाना कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला की तो आता काढूनच घेतील, मग शोधाशोध नको. हा पोरगा चौथ्या खेपेला पास झाला तेव्हा त्याने तो परवाना गल्लीतल्या प्रत्येक घरात दाखवला होता.

ही खिडकीशी पाठ करून उभी होती. तिची पाठ मला ओळखीची आहे. अशी असली की बोलायचं नाही. म्हणून मी खुर्चीत बसून नडगीला मलम चोळू लागलो.

‘‘अहो, काय लागलं?’’ तिने न वळताच विचारलं.

‘‘मास्तरांच्या गॅरेजात आपटलो. दाराशी स्टेपनी ठेवलीय त्यांनी.’’

‘‘जुना टायर असेल.’’

‘‘नवाकोरा होता. त्या गाडीचाच. चाकासकट.’’

ती गर्रकन वळली.

‘‘तयारमास्तर जादा बूट घेऊन फिरतात. आणि जादा चाक घरी ठेवतात?’’

क्षणभर मला काहीच उमजलं नाही. मग एकदम उमजलं, आणि मलमाची डबी पलंगाखाली गेली. स्टेपनी बाहेर काढली तर डिकीच्या तळाशी एक गोल, खोल, झाकणाची जागा रिकामी राहते. व्हायोलिन त्यात आरामात मावेल.

‘‘पण त्यांचे दिवे तर बरोबर होते,’’ मेहुणा म्हणाला.

‘‘आज बरोबर होते,’’ ही चपला शोधत म्हणाली. ‘‘त्या नव्या गाड्यांच्या दिव्यामागे छोटा खटका असतो. हलवला की उजेड डावीकडचा उजवीकडे. आणि तुझं दगडांचं बोलणं काल फक्त एकाच माणसाने ऐकलं होतं. अहो, बोट किती वाजता सुटते?’’

घड्याळात बघितलं, बोट सुटायला थोडाच वेळ उरला होता. मी तसाच लंगडत गाडीकडे धावलो.

७

बंदराच्या त्या धावपळीबद्दल एवढंच सांगतो की गाडी मी चालवत होतो आणि परीक्षक शेजारी बसली होती. आरसा बघा. इशारा द्या. किती हळू. किती जोरात. मागून मेहुण्याने फौजदारांना फोन लावला होता आणि तो फोनवर ओरडत होता, ही माझ्यावर ओरडत होती, आणि बोटीचा पहिला भोंगा आमच्या तिघांवर ओरडत होता.

धक्क्यावर गाड्यांची रांग लागलेली. रांगेत पहिली गाडी मास्तरांची. ते कुठेही पहिलेच पोहोचतात.

ही ओढणीने घाम पुसत शांतपणे त्यांच्या खिडकीशी गेली.

‘‘मास्तर, गाव सोडणार नव्हतात ना?’’

मास्तर दचकले, पण लगेच सावरले. तिकडे मित्र अचानक आजारी पडला, ते म्हणाले, तासाभरापूर्वी फोन आला, उद्या परत येतो. बोलणं इतकं नीट होतं की मीच ओशाळलो. मागून धापा टाकत आलेले फौजदारही घुटमळले.

‘‘हरकत नाही,’’ ही म्हणाली. ‘‘तेवढे खालचे दिवे लावा बघू.’’

मास्तरांच्या पुढ्यात तिकीटघराची सावलीतली पांढरी भिंत होती. संध्याकाळ दाटत आली होती. निरीक्षकाने दिवे लावायला सांगितले, आणि जन्मभर नियम पाळलेल्या माणसाच्या हाताने ते आपोआप लावले.

भिंतीवरचा उजेड उजवीकडे चढला.

‘‘दुपारी डावीकडे होता,’’ ही म्हणाली. ‘‘कारखान्यातून आलाय तसाच. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही.’’

मास्तर भिंतीकडे बघत राहिले. इकडच्या दिव्यांनी उतरलात तर तिकडचे पोलीस पहिल्याच चौकात अडवतात, असं ते पुटपुटले, जणू तिला समजावून सांगत होते.

‘‘म्हणून काल दुपारीच खटका फिरवून ठेवलात. बोट दुसऱ्या दिवशीची, पण तुमचं सामान आदल्या दिवशी भरलेलं असतं. मैफल झाल्यावर व्हायोलिन उचलायचं आणि निघायचं, असंच ठरलं होतं ना? पण त्याच दिव्यांनी घाट उतरलात आणि माझा भाऊ खड्ड्यात गेला. तुम्ही मागे फिरलात. त्याच्या खिशातून आधी किल्ली काढलीत आणि मग बँडेज बांधलंत. त्याचं बोलणं ऐकलंत म्हणून तपासणीआधी दिवे सरळ केलेत, आणि आता बोटीसाठी पुन्हा उलटे.’’ ती थांबली. ‘‘आता स्टेपनी दाखवा, मास्तर.’’

बोटीचा दुसरा भोंगा झाला. मास्तर गाडीतून उतरले नाहीत. त्यांनी डिकीची किल्ली नुसती खिडकीतून पुढे केली.

डिकीच्या तळातल्या गोल खड्ड्यात, बूट काढून ठेवावेत तसे नाही, तर तान्ह्या मुलाला निजवावं तसं व्हायोलिन घोंगडीत गुंडाळून ठेवलेलं होतं. मेहुण्याने ते उचललं.

‘‘विकायचं नव्हतं मला,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तीस वर्षं पुसलं, एकदाही वाजवू दिलं नाही कोणी. तिकडे मला कोणी सचिव म्हणून ओळखत नाही.’’ मग मेहुण्याकडे वळून, ‘‘तुझ्या डोक्याला लागेल असं मनात नव्हतं रे.’’

‘‘आणि मी आत गेलो असतो ते?’’ मेहुण्याने विचारलं.

या एका प्रश्नाची मात्र मास्तरांनी तयारी केलेली नव्हती.

अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. माझ्यासारखा वेंधळा चोर असता तर दिवे आहेत तसेच ठेवून तिकडे उतरला असता, आणि मेहुणा आज कोठडीत असता. रांगेतल्या बाकीच्या गाड्या एव्हाना हॉर्न वाजवू लागल्या होत्या, म्हणून फौजदारांनी मास्तरांची गाडी स्वतःच बाजूला घेतली.

पुढे ढकललेली मैफल शनिवारी झाली. व्हायोलिन नियमाप्रमाणे मंडळाच्या व्हॅनमधूनच गेलं. मी मागे पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो, पुढे मेहुणा, आणि त्याच्या शेजारी ही. अंधार पडला होता. शेवटच्या वळणावर समोरून एक गाडी उतरत आली आणि दरीकडचे सगळे पांढरे दगड एकामागून एक उजळत गेले. मेहुण्याने नजर डाव्या कडेवर ठेवली आणि वळण सफाईने घेतलं.

वरती पोहोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून थांबला.

‘‘काय चुकलं ते सांग, ताई.’’

‘‘काही नाही,’’ ती म्हणाली आणि घाईघाईने उतरून गेली. डोळे पुसत होती, मला मागून दिसलं. मेहुणा तिथेच बसून राहिला, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द माझ्या वाट्याला अजून आलेले नाहीत.